जुना संगणक ठेवायचा तर तारेने जोडा: विंडोज १० नंतरची यंत्रे आणि घरातले नेटवर्क (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

माळ्यावरचा

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे अपडेट मिळणे बंद झाले, आणि तेव्हापासून ओळखीच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो आहे: चालू स्थितीतला, फारशी तक्रार नसलेला लॅपटॉप आता भंगारवाल्याला द्यायचा का? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातच बसवलेली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली यंत्रे, त्यांचा पडदा, कळफलक आणि बिजागऱ्या कितीही धडधाकट असल्या तरी, अधिकृत यादीत बसत नाहीत. ज्यांना विचार करायला अवधी हवा आहे त्यांनी सुरक्षा अपडेटांची वाढीव मुदत घ्यावी. ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. पण तो केवळ अवधी आहे, उपाय नव्हे.

माझे मत असे आहे की जुन्या संगणकाला एकच ठरलेले काम द्यावे आणि शक्य असेल तिथे त्याला तारेने जोडावे. वडिलांचे बँकेचे व्यवहार, मुलांचा गृहपाठ, फोटो साठवणे आणि टीव्हीवर चित्रपट दाखवणे ही सगळी कामे दहा-बारा वर्षांच्या यंत्राकडून करून घ्यायला गेलो, तर ते सगळ्यांच्याच शिव्या खाते. तेच यंत्र फक्त फोटोंची साठवण म्हणून किंवा फक्त प्रिंटर सांभाळायला बसवले, तर ते निमूटपणे काही वर्षे काम करते.

तारेचा आग्रह धरण्याचे कारण असे की आपण ज्याला 'संगणक मंद झाला' म्हणतो त्यात निम्म्या वेळा दोष वायफायचा असतो. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच अँटेनाचे, केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे कार्ड असे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. सोसायटीत वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस घरांची नावे दिसतात. ती सगळी याच तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. याउलट त्याच लॅपटॉपच्या कडेला असलेले लॅनचे (नेटवर्कच्या तारेचे) भोक बऱ्याचदा सेकंदाला १ गिगाबिटचे असते, आणि ते कित्येकांनी खरेदीपासून एकदाही वापरलेले नसते.

दोष खरोखरच यंत्राचा असेल, तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसत असेल, तर दुसरा कोणताही खर्च त्याआधी करू नये. अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी डिस्क बऱ्याचदा ९.५ मिलिमीटरची, मधली फट भरायला प्लास्टिकची चौकट मिळते, ती दुकानदाराकडून मागून घ्यावी. रॅम वाढवताना मात्र जपावे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या पट्ट्या दिसायला सारख्याच, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वरही चालते. चौथ्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना दुसरीच लागते, आणि पहिली बसवली तर पडदा काळाच राहतो. दुकानदार अशा वेळी 'मदरबोर्ड गेला' असे सांगून मोकळा होतो.

एवढे झाल्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात तयारच असतो, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.

आपापली मते आणि अनुभव लिहावेत.

हिशेबी

लॅपटॉपपुरते आपले म्हणणे मान्य आहे. पण 'जुना संगणक' म्हटले की लोक माळ्यावरचा डेस्कटॉपही उतरवतात, म्हणून विजेचा हिशेब मांडून ठेवतो. इंटेलच्या कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातला डेस्कटॉप काही न करता बसला तरी साधारण ७० वॉट खातो. तो फोटोंची साठवण म्हणून चोवीस तास चालू ठेवला, तर दिवसाला १.६८ आणि महिन्याला जवळपास ५० युनिटे होतात. युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६००० रुपये झाले. शिवाय महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढचा टप्पा महाग असतो, आणि ही वाढीव ५० युनिटे बहुतेक घरांत त्याच टप्प्यात पडतात. त्याच कामाला १५ वॉट खाणारा लॅपटॉप लावला तर महिन्याला ११ युनिटे पुरतात. 'फुकट' मिळालेला डेस्कटॉप दोन वर्षांत एका बऱ्यापैकी वापरलेल्या छोट्या ऑफिस संगणकाची किंमत विजेतच खाऊन टाकतो, आणि तो छोटा संगणक विंडोज ११ च्या यादीतही बसू शकतो.

लॅपटॉप चोवीस तास चालवणाऱ्यांनी बॅटरीकडे लक्ष ठेवावे. सतत चार्जरवर राहिलेली जुनी बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखे वाटू लागले किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर तो त्याच दिवशी बंद करून बॅटरी काढावी. बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर बहुतेक लॅपटॉप चालतात. वीज गेल्यावर तो बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावा. काढलेली बॅटरी ओल्या कचऱ्यातही नको आणि सुक्या कचऱ्यातही नको. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावी.

दुसरी गोष्ट, घरातले एकमेव फोटो त्या जुन्या यंत्रावर ठेवून त्याला 'बॅकअप' म्हणू नये. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. एकच प्रत एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली, तर तिला स्थलांतर म्हणतात.

नवशिकी

माझा प्रश्न कदाचित फार प्राथमिक असेल. फायबरवाल्यांनी बैठकीत एक पेटी बसवून दिली आहे. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आम्ही बाजारातून एक वेगळा राउटर आणला आणि पहिल्या पेटीतून तार ओढून त्याला जोडली. आता आतल्या खोलीत इंटरनेट चालते, परंतु तिथून प्रिंटर दिसत नाही, आणि बैठकीतून आतल्या संगणकावरचे फोटो उघडत नाहीत. मधूनच फोन 'जोडलेला आहे, पण इंटरनेट नाही' असेही सांगतो. दोन्ही पेट्या नव्या आहेत. मग दोष कशात असावा?

माळ्यावरचा

नवशिकीताई, दोष कोणत्याच पेटीत नाही. आपल्या घरात सध्या दोन वेगळी नेटवर्के झाली आहेत. फायबरच्या पेटीतून आलेली तार आपण नव्या राउटरच्या 'वॅन' या, बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या, भोकात घातली असणार, कारण त्याचा रंग वेगळा असतो आणि खोक्यावरच्या चित्रात तेच दाखवलेले असते. तसे केले की नवा राउटर आपल्या मागे स्वतःचे निराळे जाळे उभे करतो आणि आतल्या उपकरणांना आपल्याकडचे पत्ते वाटतो. प्रिंटर पहिल्या जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्या जाळ्यात, त्यामुळे त्यांची गाठच पडत नाही. त्यातच दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर गोंधळाला पारावार उरत नाही.

नव्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल, तर तो निवडावा आणि विषय संपवावा. तो नसेल, तर नवा राउटर आधी एकटा लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्यातले डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि मग फायबरच्या पेटीतून आलेली तार 'वॅन' ऐवजी 'लॅन'च्या भोकांपैकी कुठल्याही एकात घालावी. हा क्रम पाळावा, कारण डीएचसीपी आधी बंद केले की राउटर लॅपटॉपला पत्ता देत नाही आणि मग लॅपटॉपला हाताने पत्ता घालून आत शिरावे लागते. यानंतर घरातले सगळे पत्ते एकटी फायबरची पेटी वाटेल आणि नवा राउटर फक्त वायफाय पसरवेल.

दोन्हींकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तरी चालतो, मात्र २.४ च्या वाहिन्या वेगळ्या ठेवाव्यात: एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११. फोन आतल्या खोलीत आला तरी बैठकीतल्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहतो, ही तक्रार मग येईल. कोणत्या पेटीला जोडायचे हे बहुतांशी फोन स्वतःच ठरवतो, राउटर नव्हे. बैठकीतल्या पेटीची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी केली की तो चिकटपणा कमी होतो.

न्यूजर्सीकर

दरवर्षी सुट्टीत पुण्याला आलो की आई-वडिलांच्या घरातले वायफाय 'बघून देणे' हे माझ्याकडे लागलेले काम असते, म्हणून लिहितो. इकडच्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पातळ तक्ते असतात. दुमजली घराला एक बरा राउटर पुष्कळ वेळा पुरतो, आणि नाही पुरला तर केबल टीव्हीसाठी भिंतीतून आधीच फिरवलेल्या गोल तारेतून नेटवर्क नेता येते. हा अनुभव गाठीशी बांधून मी पुण्यात राउटर निवडला की तो हमखास तोकडा पडतो. तिथे विटांची भिंत, तिच्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा, मध्ये आरसीसीचा खांब आणि शेवटी लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या भिंतीपाशीच संपतो. अँटेनांची संख्या पाहून महागडा राउटर आणण्यापेक्षा दोन साधे राउटर घेऊन मध्ये तार टाकणे तिथे केव्हाही सरस ठरते. बिनतारी 'मेश'चे, म्हणजे एकमेकांकडून सिग्नल घेऊन पुढे पसरवणारे, दोन डबे आणले तरी त्यांना एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलावे लागते, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

दुसरा मुद्दा दुरून मदत करण्याचा. घरच्या जुन्या लॅपटॉपवर फोटो ठेवून ते इथून उघडावेत अशी माझी इच्छा होती. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडूनही काही जमेना. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांनी आपल्या अंतर्गत वापरासाठी घ्यावेत म्हणून २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. असा पत्ता दिसला, तर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात आणि आपण आपल्या राउटरमध्ये उघडलेले दार रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी घरातल्या यंत्रानेच बाहेर जोडणी करायची आणि आपण त्या जोडणीतून आत यायचे, असे वायरगार्ड या खाजगी जोडणीच्या (व्हीपीएन) पद्धतीवर आधारलेले उपाय करावे लागतात, किंवा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळत असेल तर त्याचा आधार घ्यावा लागतो.

हिशेबी

तार टाकायची ठरलीच आहे, तर तारेविषयीही लिहितो, कारण तिथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. 'कॅट ६' असा नेटवर्कच्या तारेचा दर्जा छापलेली स्वस्त तार बऱ्याचदा तांब्याची नसते. आत ॲल्युमिनियम आणि त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. टोकाशी एक तार सोलून ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरी चमक दिसली की ओळखावे. अशी तार वाकवताना तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पुरवायची असेल तर ती तापते. घरातल्या अंतरांना निव्वळ तांब्याची कॅट ५ई पुरेशी आहे. तिच्यातून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट जाते.

कनेक्टर दाबताना रंगांचा क्रम पाळावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी येते, हे विचित्र दिसते आणि त्यामुळेच पुष्कळ केबलवाले ते 'सुधारून' चारही जोड्या ओळीने लावून टाकतात. दोन्ही टोकांना सारखाच क्रम असल्याने हातातल्या टेस्टरचे आठही दिवे एकापाठोपाठ लागतात आणि तो म्हणतो, 'साहेब, तार ओके आहे.' परंतु तिसरी आणि सहावी तार आता एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीतली राहिलेली नसते, त्यामुळे शेजारच्या जोड्यांचा आवाज तिच्यात शिरतो. आखूड तारेत ते खपून जाते. लांब तारेत जोडणी १००० वरून १०० वर घसरते किंवा सारखी तुटत राहते.

१०० मेगाबिटची जोडणी चारपैकी दोनच जोड्यांवर चालते. म्हणून लॅपटॉपवर वेग नेमका १०० दाखवत असेल, तर उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तुटली आहे असा संशय घ्यावा. अर्थात ज्यांचा इंटरनेटचा प्लॅनच १०० चा आहे आणि घरातल्या घरात मोठ्या फायली हलवायच्या नाहीत, त्यांनी यासाठी भिंत फोडू नये.

चिरेबंदी

आपण सर्वजण फ्लॅटविषयी लिहीत आहात. आमचे घर सिंधुदुर्गात, जांभ्या चिऱ्याचे, आणि भिंती हातभर रुंद. फायबरची पेटी ओटीवर आहे आणि वायफाय माजघराच्या दारापर्यंत येऊन परत फिरते. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा तर सिग्नल आणखी बसतो. वर मंगलोरी कौले असल्यामुळे मी तार पाटाईवरून नेली. भिंत फोडावी लागली नाही आणि उंदरांपासून वाचवायला ती पाइपात घातली. माजघरात जुना राउटर बसवला, तोही वर सांगितलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या पद्धतीने.

खरा प्रश्न घरापासून मांगरापर्यंतच्या (शेतातल्या खोपीपर्यंतच्या) तारेचा होता. तिथे पंप आणि एक कॅमेरा आहे. उघड्यावरून नेलेली तांब्याची लॅन तार म्हणजे विजेला दिलेले आवताण असते. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर ती थेट तारेवर पडण्याचीही गरज नसते. लांबलचक तारेत तेवढ्यानेही दाब चढतो आणि दोन्ही टोकांची भोके जळतात. राउटरचे दिवे लागलेले असतात, वायफायही चालते, फक्त लॅनचे भोक मेलेले असते, त्यामुळे लवकर कळतही नाही. आमच्याकडे असे झाल्यावर मी ती तार काढून फायबर टाकले आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅनच्या तारेशी जोडणारी डबी) बसवला. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. मात्र वरून टाकायच्या फायबरमध्ये ताण घेण्यासाठी पोलादी तार असते. ती टोकाशी पेटीपर्यंत न आणता बाहेरच कापून खुंटीला बांधावी, नाहीतर सगळा खटाटोप फुकट जातो.

वानरांवर मात्र उपाय सापडलेला नाही. ते तारेला लोंबकळतात.

खिळेजुळारी

माझी अडचण या सर्वांहून निराळी आहे. माझ्याकडे छपाईची कामे आहेत, आणि त्यातल्या जुन्या फायली एका विंडोज एक्सपीच्या संगणकावर, पेजमेकर ७ या पानमांडणीच्या आज्ञावलीत आहेत: लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची जुनी पाने. मराठी टंक सगळे युनिकोडपूर्व काळातले. ते टंक चालवणाऱ्या मराठी आज्ञावलीचे हार्डवेअर लॉक (परवान्याची खूण असलेली डबी) संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद भोकात, बसते. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते, आणि बाजारात मिळणारे यूएसबीचे रूपांतरक केवळ प्रिंटरपुरते चालतात, त्यांच्यावर लॉक ओळखले जात नाही.

'फायली युनिकोडमध्ये बदलून टाका' असे सांगणाऱ्यांना त्यातली मेख सहसा ठाऊक नसते. त्या जुन्या टंकांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'स्थिती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते, मग अर्धा स आणि मग थ. युनिकोडमध्ये वेलांटी जोडाक्षराच्या नंतर लागते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ती वेलांटी नेमकी किती अक्षरे ओलांडून पलीकडे न्यायची हे ठरवावे लागते, आणि जोडाक्षर आले की ती मध्येच कुठेतरी पडते. रफाराचे याच्या उलट: तो जुन्या टंकात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा र आधी न्यावा लागतो. 'कीर्ती', 'मूर्ती', 'वार्षिक' अशा शब्दांनी भरलेला अहवाल बदलून पाहावा, म्हणजे किती मुद्रितशोधन करावे लागते ते कळेल. एखादे पान बदलणे ठीक आहे, पण वीस-पंचवीस वर्षांची पाने बदलणे परवडत नाही. जुने गिऱ्हाईक येते आणि 'मागच्या वेळचेच, फक्त तारीख बदला' असे म्हणते. तेवढ्यासाठी एक्सपी चालू ठेवावाच लागतो.

तर अडचण अशी की या संगणकावरचे सामायिक फोल्डर पूर्वी दुसऱ्या संगणकावरून उघडत असे. दुसरा संगणक नवा घेतला, आणि आता तो एक्सपीला ओळखच देत नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घालून नेतो आहे. काही मार्ग आहे का?

माळ्यावरचा

काका, मार्ग आहे, पण आधी कारण सांगतो, कारण इंटरनेटवर याचे जे पहिले उत्तर सापडते ते आपण करू नये असे मला वाटते. एक्सपी फायली देताना एसएमबी १ ही जुनी भाषा बोलतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय याच भाषेच्या अंमलबजावणीतल्या भोकातून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी १ मुळातच बसवलेली नसते. 'विंडोज फीचर्समध्ये जाऊन ती पुन्हा चालू करा' हे ते पहिले उत्तर, आणि तसे केले तर काम होतेही. पण मग एक्सपीसाठी आपण नव्या संगणकाचे मागचे दार उघडे ठेवतो.

त्याऐवजी मध्ये एक जुना लॅपटॉप दुभाषी म्हणून बसवावा. या धाग्याच्या सुरुवातीला मी जे 'एकच ठरलेले काम' म्हणालो त्याचे हे चांगले उदाहरण आहे. त्यावर लिनक्स आणि सांबा (विंडोजशी फायलींची देवाणघेवाण करणारी आज्ञावली) टाकावे. लॅपटॉपला स्वतःचे एक लॅनचे भोक असते आणि दुसरे यूएसबीतून घेता येते. एका भोकाला फक्त एक्सपी जोडावा, त्याला १९२.१६८.५० मालिकेतला पत्ता हाताने द्यावा आणि 'गेटवे'चा (बाहेर जाण्याच्या वाटेचा) रकाना मोकळा सोडावा. दुसऱ्या भोकाला घरचा राउटर. लॅपटॉपने एका बाजूचे दुसऱ्या बाजूला पाठवू नये, म्हणजे फॉरवर्डिंग बंद ठेवावे; ते बहुधा मुळातच बंद असते. अशा रचनेत एक्सपीला इंटरनेट दिसत नाही, आणि घरातल्या इतर यंत्रांनाही एक्सपी दिसत नाही. दोघांनाही दिसते ते लॅपटॉपवरचे एक फोल्डर.

२०१९ पासूनच्या सांबातही एसएमबी १ मुळात बंद असते. सेटिंगच्या फायलीत सर्व्हरची किमान भाषा 'एनटी १' करावी लागेल आणि एक्सपीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीसाठी 'एनटीएलएम' परवानगी द्यावी लागेल. नवा संगणक त्याच सांबाशी आपोआप एसएमबी ३ मध्ये बोलतो, त्याच्यात काहीही बदलावे लागत नाही. त्या फोल्डरसाठी पासवर्ड वेगळा ठेवावा, दुसरीकडे कुठेही वापरलेला नको.

त्याच लॅपटॉपला आपला प्रिंटरही जोडता येईल. छोट्या कार्यालयांत दिसणाऱ्या काही लहान लेझर प्रिंटरना दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (यंत्राची आतली आज्ञावली) भरवावे लागते, त्यामुळे राउटरच्या यूएसबीत लावले की ते मुके राहतात. लिनक्सवरची कप्स ही छपाईची व्यवस्था ते काम करते, आणि मग फोनवरूनही छापता येते.

नवशिकी

ॲक्सेस पॉइंटच्या पद्धतीने जोडले आणि प्रिंटर दिसू लागला. धन्यवाद. आता दुसरी शंका. सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक संकेतस्थळ 'आपली जोडणी खाजगी नाही' असे सांगते. वायफाय तर तेच आहे. हा विषाणू असेल का?

हिशेबी

आधी उजव्या कोपऱ्यातले तारीख-वार पाहावेत. ते काही वर्षे मागचे असतील, तर विषाणू नाही, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपच्या मते आज २०१२ साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ नावाची बॅटरी सरळ बदलता येते. लॅपटॉपमध्ये ती कधी कधी वायरसकट असते, तेव्हा मापाची जोडलेली बॅटरी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते.

तारीख बरोबर असूनही तोच संदेश येत असेल, तर ब्राउझर जुना आहे. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती. तिथे थांबलेल्या लॅपटॉपवर बँकेचे काम करू नये.

खिळेजुळारी

दुभाषी लॅपटॉपची रचना एका परिचिताकडून करवून घेतली. एक्सपीवरून पीडीएफ फोल्डरमध्ये टाकली की नव्या संगणकावर दिसते. एकच शंका राहिली. एक्सपीची डिस्क जुन्या आयडीई प्रकारची आहे आणि अलीकडे ती सुरू होताना टकटक आवाज करते. तिची हुबेहूब प्रत एसएसडीवर घेऊन ती बसवता येईल का, आणि तसे केले तर पेजमेकर आणि टंक पुन्हा टाकावे लागतील का?

हिशेबी

पूर्ण डिस्कची प्रत घेतली तर पुन्हा काही टाकावे लागत नाही, कारण लॉक पॅरलल पोर्टात आहे आणि मदरबोर्ड तोच राहतो. आयडीईवरून साटाला नेणारी छोटी पट्टी मिळते. ती एसएसडीच्या मागे लावून आतल्या रुंद केबलला जोडता येते. पट्टीवरचा जंपर (निवड करणारी छोटी टोपी) 'मास्टर'वर ठेवावा. एक्सपीने केलेले विभाजन (पार्टिशन) डिस्कच्या ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे कप्प्यापासून, सुरू होते आणि एसएसडीला ते २०४८ पासून हवे असते, म्हणून प्रत झाल्यावर जीपार्टेड या आज्ञावलीने विभाजन पुढे सरकवून घ्यावे. ते सरकवल्यावर एक्सपी सुरू होत नसेल, तर त्याच्या मूळ सीडीवरून बूट सेक्टर (संगणक सुरू करणारा भाग) दुरुस्त करावा लागतो. ती सीडी आधीच शोधून ठेवावी.

मात्र आवाज करणाऱ्या डिस्कवर आता चेकडिस्क ही विंडोजची डिस्कतपासणी चालवू नका. ती दुरुस्तीच्या नादात डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत आणि लिहीत बसते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण झेपत नाही. संगणक बंद करा, डिस्क बाहेर काढा, ती त्याच लिनक्सच्या लॅपटॉपला यूएसबीच्या आयडीई जोडणीने लावा आणि डीडीरेस्क्यूने आधी प्रत काढा. ती आज्ञावली वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परत येते. प्रत पूर्ण होईपर्यंत एक्सपीवर कोणतेही काम घेऊ नका, लग्नसराई असली तरी.